डाव्या हातावरचा निळा खडू

मंगळवारी पैलवानाच्या टोपीवर निळा डाग दिसला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. पैलवान म्हणजे तिचा दहा महिन्यांचा मुलगा. वजन जेमतेम सात किलो, म्हणूनच बापाने हे नाव ठेवलेलं. टोपी धुतली, डाग गेला. पाल काही गेली नाही.

बाप गणिताचा प्राध्यापक. त्याच्या अंगाला खडू लागला यात नवल ते काय? पण कॉलेजातला खडू पांढरा, आणि तो असायचा उजव्या हाताच्या पेरांवर, बाहीच्या काठाला. हा निळा. त्याच संध्याकाळी तो मुलाला आंघोळीला नेत होता, तेव्हा तिने नीट पाहून घेतलं. निळाई त्याच्या डाव्या हाताला होती, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. डाव्या हाताने तो साधी पेन्सिलही धरत नसे.

त्या बेचक्यातून काय सरकतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. बिलियर्डची काठी, टोकाला निळा खडू घासलेली.

लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, बरं आहे, याचं काम आणि याचा छंद एकाच टेबलावर मावतात. कामात तो विचारायचा, की टेबल त्रिकोणी केलं, एक कोपरा चांगला फाकवला आणि चेंडू न थांबता कडांवर आपटत राहिला, तर तो कधी तरी आपल्याच जुन्या वाटेवर परत येतो का? नऊ वर्षं हेच विचारत होता. कागदावरच्या चेंडूचा कंटाळा आला की हॉलवर जाऊन खरे चेंडू मारायचा. "तिथला निदान भोकात तरी पडतो," म्हणायचा.

मूल चार महिन्यांचं असताना एका दुपारी त्याची छाती भरली. ओठ निळे पडले. तिने नवऱ्याला अकरा वेळा फोन केला. फोन कोटात, कोट हॉलच्या खुंटीवर, आवाज बंद. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आपली गाडी काढली आणि दोघांना हॉस्पिटलात पोचवलं. मूल वाचलं. नवऱ्याने काठी देऊन टाकली आणि कानाला खडा लावला. तिने सांगितलं नव्हतं, आपण होऊन.

म्हणूनच तर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, त्याचे तास नसत तेव्हा, मूल त्याच्यापाशी ठेवून ती नकाशांच्या छापखान्यात अर्धा वेळ कामाला जायला लागली होती. आता तिथल्या बाईंना येत्या सोमवारी उत्तर हवं होतं. पूर्ण वेळ येणार, की जागा दुसऱ्या कुणाला द्यायची? बाकीच्या वेळेला पाळणाघर मिळत होतं; सगळं त्या दोन दुपारींवर अडलेलं.

"निळा डाग?" फोनवर ताई फिदीफिदी हसली. "निळी लिपस्टिक कोण लावतं गं?"

"ताई, चेष्टा नको."

"अगं, तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येतं का? दूध उतू गेलं तर शेगडीची माफी मागणारा माणूस तो!"

"येत नाही म्हणूनच तर कळतं."

कसं कळतं हे त्यानेच शिकवलं होतं. विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'उघड आहे की' असं दिसलं की तो त्याभोवती लाल वर्तुळ काढायचा. "खरंच उघड असतं तर लिहिलं कशाला असतं?" तो म्हणायचा. "जिथे पाय लटपटतो तिथे माणूस हे लिहितो. चूक त्याच्याच मागे दडून बसलेली असते."

रात्रीच्या जेवणाला तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आज कुठे गेला होतात दोघं?"

"बागेत."

"ऊन होतं ना फार?"

"झाडाखाली बसलो. उघड आहे, उन्हात कशाला नेईन मी त्याला?"

तिने मनातल्या मनात लाल वर्तुळ काढलं आणि त्याला आणखी भाजी वाढली.

गुरुवारी डोकं दुखतं असं सांगून ती छापखान्यातून दोनलाच निघाली. बागेकडे वळलीसुद्धा नाही. हॉल टायरच्या दुकानावर होता. जिन्याखाली बाबागाडी, चाकाला साखळी, आत घरचीच पिवळी चादर. वर जाऊन ती दारातच थांबली आणि फोन लावला.

आत खुंटीवर त्याचा कोट लटकत होता. खिशातून उजेड झिरपला. सात वेळा लावला, सातही वेळा नुसता उजेड. तो टेबलावर ओणवा झालेला, डावा पंजा हिरव्या कापडावर पसरलेला, एक डोळा बारीक. भिंतीकडच्या बाकावर गुण मांडणारा म्हातारा मार्कर, आणि त्याच्या मांडीवर पैलवान. पैलवानाने मान वळवली.

त्याचे ओठ निळे होते.

मधली टेबलं तिने कशी ओलांडली, तिलाच कळलं नाही. मूल हिसकावून घेतलं, त्याच्या छातीला कान लावला. श्वास स्वच्छ चालला होता. तिने बाहीने ओठ पुसले. निळाई बाहीवर आली. मुलाच्या मुठीत काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा ठोकळा होता, एक कोपरा कुरतडलेला.

"वहिनी, आत्ताच उचलला हो त्याने," मार्कर चाचरत म्हणाला. "माझं लक्ष गुणांकडे."

नवरा काठी हातात घेऊनच धावत आला. "काही नाही, काही नाही, खडू आहे नुसता. उघड आहे, जरासा चाटला असेल..."

तो थांबला. आपलाच शब्द त्याच्या कानावर पडला होता.

"बोल की पुढे."

त्याने काठी भिंतीला टेकवली.

"फोन बघ."

त्याने कोटातून फोन काढला. "सात," तो म्हणाला.

"त्या दिवशी अकरा होते."

मार्कर उठला आणि स्वच्छ असलेलं टेबल उगाचच झाडू लागला.

घरी येईपर्यंत तिने मुलाला कडेवरून उतरवलं नाही. मूल झोपलं तेव्हा तिने कोरे कागद त्याच्यापुढे ठेवले. "सगळे मंगळवार, सगळे गुरुवार लिहून काढ. आणि उघड काही नाहीये, तेव्हा ते लिहू नकोस."

दोन पानं झाली. ओळीवर बोट ठेवून तिने वाचली. चौदा दुपारी. किती वाजता गेलो, मूल झोपलेलं की जागं, कुणाच्या मांडीवर. काठी दिली होती तीही या मार्करलाच. म्हणजे दिली कसली, ठेवायला दिली! शेवटून तिसऱ्या ओळीवर तिचं बोट अडलं. 'सहाव्या गुरुवारी तो दोनदा खोकला. माझा डाव रंगात आला होता. मी थांबलो नाही.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. अजून एकदा वाचली. खोकला फक्त बापाने आणि मार्करने ऐकलेला. लिहिलं नसतं तर जन्मात कळलं नसतं.

"हे कशाला लिहिलंस?"

"ते गाळलं तर बाकीचं काहीच सिद्ध होत नाही," तो खाली बघत म्हणाला.

सोमवारी तिने बाईंना हो सांगितलं. आणि सगळ्या दिवसांसाठी छापखान्याच्याच गल्लीतलं पाळणाघर ठरवलं.

"म्हणजे माझ्याकडे नाही?" त्याचा चेहरा पडला.

"अजून नाही."

"किती दिवस?"

"तुझा चेंडू नऊ वर्षं फिरतोय. मी विचारते का, किती दिवस?" तिने पैलवानाच्या टोपीची नाडी बांधली. "हॉलवर खुशाल जा. पण फोन टेबलाच्या काठावर, आणि आवाज मोठा."

मंगळवारी दुपारी पावणेचारला, मूल पाळणाघरात सुखरूप असताना, कामाचं काहीही नसताना, तिने नंबर लावला. एकच रिंग झाली.

"काय झालं? पैलवान ठीक आहे ना?" तो धापा टाकत होता. मागे काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग घड्याळात पाहिलं. सव्वाचारला पुन्हा लावायचं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.