हातानं फिरवायची लेन्स

हिरालालने जुनी लेन्स जोडणीच्या रिंगवर धरून फिरवली आणि ती उन्नतीच्या कॅमेऱ्यावर टक्‌ करून बसली. रोलच्या जमान्यात अख्ख्या नात्यातली लग्नं टिपणारी ही लेन्स, आणि पोरीने पहिल्या पगारातून घेतलेला दुकानातला सगळ्यात स्वस्त डिजिटल कॅमेरा! अशीही सोयरीक जमते म्हणायची.

"बाबा, हिच्यात फोकस आपोआप नाई होत. हातानं करा."

"मले शिकवून राहिली का? अवं बेबी, इकडे पाय."

बेबीताई अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी पदर सावरला. हिरालालने मोठ्या झोकात फोकसची रिंग फिरवली, बटण दाबलं. फोटोत मागची भिंत लख्ख आणि बेबीताईंच्या जागी नुसता धूर. दुसराही तसाच, तिसराही. लेन्सला बुरशी लागली असेल, असं उन्नतीला वाटलं. तिने स्वतः एक काढून पाहिला, तर आईच्या भुवईचा केस न केस उमटला.

तिने बाबांकडे निरखून पाहिलं. तिने मुद्दाम रिंग पार टोकाला फिरवली. आता तिला स्वतःलाही त्यात काही ओळखू येईना.

"आता पाहा बाबा. आली का आई बरोबर?"

हिरालालने डोळा लावला.

"एकदम साफ! नाकातली फुली पन दिसून राहिली."

फुली सकाळीच मोडली होती. बेबीताईंचं नाक उघडं होतं.

"माय वं!" उन्नतीने कॅमेरा हिसकावलाच. "बाबा, तुमी क्रेन चालवता! वितळल्या लोखंडाचं भलंमोठं भांडं लोकाइच्या डोक्यावरून नेता!"

"हाताले सवय हाय. खालून पोरगा टॉर्च दाखवते. उजेड दिसते मले."

"अन् कंपनीतली डोळ्याची तपासणी?"

हिरालालने बेबीताईंकडे तोंड वळवलं. बोलल्या त्या बेबीताई.

"मीच यायच्याकडून पाठ करून घेतली तक्त्यावरची अक्षरं. रिटायरमेंट आली जवळ. तू कोनाले बोलू नको."

आईसुद्धा! उन्नतीने कॅमेरा बंद केला. ती तिथेच पायरीवर टेकली.

"शुभमची ट्रेनिंग उद्यापासून तिथंच लागली," ती धाकट्या भावाबद्दल कशीबशी म्हणाली. "बाबाच्या क्रेनखाली. तुमाले सरप्राइज देनार होता तो."

बेबीताई ताडकन उठल्या. परात कलंडली, वाटाणे अंगणभर झाले.

"नाई! नाई जायचं तुमी उद्या! आत्ताच्या आत्ता फोन लावा साहेबाले. सांगून टाका सगळं. माह्या लेकराच्या डोक्यावरून..."

हिरालाल खिशात मोबाइल चाचपू लागला. उन्नतीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण ती आईकडे बघतच राहिली, जशी परक्या बाईकडे बघावी.

"अन् आजवर खाली टॉर्च घेऊन कोन उभं राहत होतं, आई?"

बेबीताई वाकून वाटाणे वेचू लागल्या.

"कलावतीचा सोनू," हिरालाल म्हणाला. "आपल्या बाजूच्या घरातली."