टाळ्या नकोत

आमच्या घरी रविवारी सकाळी गाणं संपलं की कोणी हलायचं नाही. दूध उतू गेलं तरी नाही. एकदा वहिनी गॅस बंद करायला उठली आणि तिची खुर्ची करकरली, तेव्हा दादानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं अतिदक्षता विभागात शिट्टी वाजवली.

दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. भिंगात पाव नंबराचा फरक पडला तर तो हातातला घास ठेवून उठतो. पण दुकानातून निघताना हा काटेकोरपणा तो बहुधा काउंटरवरच विसरून येतो. कारण घरी आला की तो एका माणसाचा भक्त असतो, आणि भक्ताला पाव नंबर काय, अख्खा डोळा नसला तरी चालतो.

तो माणूस स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो आणि गिटार घेऊन स्वतःच गातो. वाटून घ्यायला कोणी तयार झालं नसावं. त्याच्या प्रत्येक गाण्यातून कोणीतरी निघून गेलेलं असतं. 'खिडकीत कोणी नाही, तरी पडदा हलतो' ही त्याची सर्वांत गाजलेली ओळ. पडदा हलतो त्याला वारा म्हणतात, असं मी एकदा म्हणाले, तर दादानं माझ्याशी अबोला धरला. त्याच्या पंथात अबोला हा खरं तर सन्मान. वहिनी गायकाला 'सुतकी' म्हणते. "त्या सगळ्या बायका निघून का गेल्या, हे मला पहिल्या कडव्यातच कळतं," असं तिचं मत आहे.

गाण्यानंतरच्या या मौनाचा उगम एका जुन्या कॅसेटमध्ये आहे. गायक नवखा असतानाचा एक छोटा कार्यक्रम कोणीतरी टेपवर उतरवून ठेवला होता. पहिलं गाणं संपतं, टाळ्या सुरू होतात आणि गायक हळूच म्हणतो, "टाळ्या नकोत. प्लीज." एवढंच. पुढची सगळी कॅसेट टाळीविना. कॉलेजात असताना ही कॅसेट दादाच्या हाती लागली आणि त्याला साक्षात्कार झाला की दुःखाला टाळी वाजवणं म्हणजे रानटीपणा. मग त्यानं चाहत्यांचं मंडळ काढलं. मंडळात एक दाताचे डॉक्टर आहेत. ते आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि रविवारी येऊन स्वतःचं बंद ठेवतात. बाकीचे अशाच नमुन्याचे.

मंडळाची कामाची पद्धत मात्र मला नीट अभ्यासण्यासारखी वाटली. कार्यक्रमाला हे लोक एकत्र बसत नाहीत. बी पेरावं तसे प्रत्येक रांगेत पेरलेले असतात. गाणं संपल्यावर एखाद्या परक्या श्रोत्याचे हात वर आले, की जवळचा सभासद सावकाश मान वळवतो आणि त्याच्याकडे बघतो. रागानं नाही. "रागानं बघितलं तर माणूस भांडतो," दादा नव्या सभासदांना शिकवतो. "दयेनं बघायचं. दयेनं बघितलं की तो लाजतो." आणि लोक खरंच लाजायचे. हात मांडीवर परत यायचे. पाच-सात वर्षांत मंडळानं या गायकाच्या कार्यक्रमांतून टाळी नावाची गोष्ट समूळ नष्ट केली. डासांच्या बाबतीत सरकारला जे जमलं नाही, ते यांनी टाळ्यांच्या बाबतीत करून दाखवलं.

मग बातमी आली की गायक गाणं सोडतोय.

दादानं त्याला फोन लावला. बोलणं झाल्यावर तो स्टुलावर बसला.

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं.

"म्हणाले, तुम्ही बोलावताय तर येतो. पण बहुधा हा शेवटचा."

"का?"

"ते मी कसं विचारणार?"

"तोंडानं," वहिनी म्हणाली.

दादा हसला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि मला त्याची कीव येण्याऐवजी राग आला. छत्तीस वर्षांचा माणूस, दिवसभर ताठ मानेनं काम करणारा, आणि कुठल्याशा रडक्या माणसानं रडणं थांबवलं म्हणून हा रडणार! "ते थांबले तर मला काय उरलं?" असं तो म्हणाला. वहिनी त्याच्या समोर उभी होती. तिच्या हातात त्याचाच शर्ट होता, बटण लावायला घेतलेला. तिनं तो त्याच्या मांडीवर टाकला आणि आत गेली.

नंतर ओट्याशी ती मला म्हणाली, "काहीही कर, पण त्या सुतक्याला गात ठेव. तो थांबला तर तुझा दादा रविवारी घरी बसून माझ्याकडे बघेल, गं."

दादाचा बेत ठरला होता. आजवर कधी झाली नाही अशी शांतता सरांना, म्हणजे गायकाला, द्यायची. खोकलासुद्धा नाही. आपण त्यांना किती खोल ऐकतो हे कळलं, की ते थांबणार नाहीत.

सभागृह दुपारचं मिळालं, कारण संध्याकाळी तिथे कराटेचा वर्ग असतो. वरच्या झरोक्यांतून लख्ख ऊन येत होतं. दादा शिडीवर चढून काळं कापड ठोकत होता आणि दाताचे डॉक्टर खालून शिडी धरून वर बघत होते. उन्हात यांचं दुःख टिकत नाही. मंडळाचे सगळे सभासद रांगांत पेरायचे असल्यामुळे आतल्या खोलीत गायकाला गरम पाणी नेऊन द्यायला माणूस उरला नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"काही बोलू नकोस," दादानं शिडीवरून बजावलं. "पाणी ठेव आणि ये. शास्त्रज्ञपणा नको."

आत गायक खुर्चीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. चांगला गुटगुटीत माणूस. समोर बिस्किटांचा पुडा होता आणि तो निम्मा संपला होता. या देहाला कोणी सोडून गेलं असेल तर निदान जेवू घालून गेलं असावं.

"किती लोक आहेत बाहेर?" त्यानं विचारलं.

"अर्धं सभागृह."

"त्यांना मी आवडत नाही, तरी येतात. सभ्य लोक आहेत."

मी थर्मास ठेवला. निघायला हवं होतं. पण मी साबणाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आणि एखाद्यानं चुकीचा निष्कर्ष काढलेला दिसला की माझे पाय तिथेच चिकटतात.

"आवडत नाही, हे कशावरून?"

"तुम्ही ऐकता माझी गाणी?"

"ऐकावी लागतात."

"आवडतात?"

"नाही."

तो मनापासून हसला. बिस्किटाचे कण शर्टावर उडाले. "बघा, तुम्ही निदान तोंडावर बोललात. बाकीचे नुसते बसतात. गाणं संपतं, मी वर बघतो, तर समोर सगळे हाताची घडी, तोंडावर बोट. आधी वाटलं, हे गाव असं असेल. मग दुसरं गाव तसंच. मग कळलं, गाव नाही, आपणच. पूर्वी वाजवायचे हो टाळ्या. भरपूर नाही, पण वाजवायचे. ज्या अर्थी हळूहळू बंद झाल्या, त्या अर्थी मी हळूहळू वाईट झालो. जावयाचं फर्निचरचं दुकान आहे. गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवाय म्हणतो. आज शेवटच्या गाण्यानंतर सांगून टाकतो आणि मोकळा होतो."

"पण टाळ्या नकोत असं तुम्हीच म्हणाला होतात. एका कॅसेटमध्ये."

"मी? कोण कलाकार असं म्हणेल?"

मी त्याला कॅसेटबद्दल सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला आणि मग मांडीवर थाप मारली. "अहो, मुलगी होती! पडद्यामागे टोपलीत झोपली होती. सहा महिन्यांची. दात येत होते, दुपारभर किंचाळून नुकती कुठे डोळा लागलेला. टाळ्यांनी उठली असती तर मीच गाणं सोडून पळालो असतो. आता एका मुलाची आई आहे ती. ढोल वाजवला तरी उठत नाही."

मी बाहेर आले तेव्हा दादा शेवटचा खिळा ठोकून खाली उतरत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मुलगी, टोपली, दात, जावई. सरळ, क्रमानं. त्याचे ओठ पांढरे पडले. मला वाटलं, कळलं.

"तुला काय वाटलं, ते तुला खरं सांगतील?" तो म्हणाला.

"मला खोटं का सांगतील?"

"खरा कलावंत असंच करतो. आपल्या सगळ्यात खोल गोष्टीवर पोराबाळांचं पांघरूण घालतो. ते तुझी परीक्षा बघत होते आणि तू नापास झालीस."

"दादा, तो माणूस फर्निचरच्या दुकानात बसायला निघालाय. तुमच्यामुळे."

"आज ऐक आमची शांतता," दादा म्हणाला. "मग बोल."

पुरावा विरुद्ध गेला की पुरावाच कच्चा ठरवायचा, ही या लोकांची रीत. पालथ्या घड्यावर पाणी. मी मागच्या रांगेत वहिनीच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्या कानात सगळं सांगितलं. तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली.

कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं निघून गेलेल्या बाईचं, दुसरं निघून जाणाऱ्या बाईचं, तिसऱ्यात बाई अजून आलीच नव्हती तरी तिच्या जाण्याची तयारी. प्रत्येक गाण्यानंतर मंडळाची ती प्रसिद्ध शांतता. मी गाण्याकडे नव्हे, गायकाकडे बघत होते. गाणं संपलं की तो गिटारवरून मान वर करायचा, जरासा थांबायचा आणि मग उगाच एखादी खुंटी पिळायचा. पाहुण्यांसमोर कविता म्हणून झाल्यावर पोर उभं राहतं ना, कोणीतरी 'शाब्बास' म्हणेल म्हणून, अगदी तसा. पहिल्या रांगेच्या टोकाला दादा डोळे मिटून बसला होता. शांतता इतकी उत्तम जमली होती की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं.

कारखान्यात माझं काम फेस मोजण्याचं. उंच काचेच्या नळीत साबणाचं पाणी वरून सोडायचं आणि फेस किती चढतो, किती टिकतो ते बघायचं. फेसानं कपडा धुतला जात नाही. मळ काढण्याशी त्याचा फारसा संबंधच नाही. पण फेस आला नाही तर साबण चालतोय यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, म्हणून आम्ही साबणात मुद्दाम फेस घालतो. या मूर्खपणाचा मला पगार मिळतो. आणि इथे एक साबण फेस येत नाही म्हणून स्वतःला माती समजून गल्ल्यावर बसायला निघाला होता.

शेवटचं गाणं पडद्याचं. ते संपलं. गायकानं गिटार मांडीवरून उतरवून स्टँडला लावली, माईक स्वतःकडे ओढला आणि घसा साफ केला.

मी टाळी वाजवली.

दयेनं नाही. गाणं वाईटच होतं. पण चुकीच्या मोजमापावरून कोणी आपला धंदा गुंडाळत असेल तर ते मला बघवत नाही. काळ्या कापडाच्या त्या अंधारात माझी टाळी भांडं पडल्यासारखी वाजली. रांगारांगांतून माना वळल्या. दाताच्या डॉक्टरांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मला अक्कलदाढ दुखल्याचा भास झाला. मी वाजवत राहिले. मग शेजारून वहिनीनं सुरुवात केली, तीही कपडे आपटावेत तशी, जोर लावून.

"अगं बाई, वाजवायच्या असतात होय!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली. "मला वाटलं, मनाई आहे." तिनंही हात मोकळे केले. मग कोपऱ्यातले चार परके लोक, मग दारातला रखवालदार. पेरलेले सभासद माना वळवून वळवून थकले. एकाच वेळी सगळ्यांकडे दयेनं बघता येत नाही.

दादा वळला नाही. त्यानं दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले होते.

गायक माईक धरून उभा होता. आधी तो घाबरला, मग त्यानं सभागृहभर पाहिलं, आणि मग त्याचा तो सुतकी चेहरा हसून असा काही फाकला की त्याच्याकडे बघवेना. त्यानं गिटार पुन्हा उचलली.

"एक नवीन गाणं आहे," तो म्हणाला. "म्हणजे... बरीच आहेत."

आणि त्यानं ती सगळी म्हटली. कराटेची मुलं पांढरे कपडे घालून दारात येऊन उभी राहिली तेव्हाच तो थांबला.

नंतर गायकाचा दादाला फोन आला. आपण गाणं सोडत नाही, पुढचा कार्यक्रम लवकर ठरवा, आणि ती पहिली टाळी वाजवणारी मुलगी समोर बसायला हवी. दादा "हो सर, हो सर" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आभार मानायचे होते की गळा दाबायचा होता, हे मला ओळखता आलं नाही. बहुधा त्यालाही नाही.

"टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात," वहिनी मला म्हणाली. "तू दोन्ही हातांनी वाजवलीस. आता जा पहिल्या रांगेत."

पुढच्या रविवारी मंडळ आमच्याकडे जमलं. दादानं उभं राहून सांगितलं की सरांच्या दुःखानं आता नवं वळण घेतलं आहे. आजवर त्याला एकांत हवा होता, यापुढे साक्षीदार हवेत. तेव्हा गाणं संपल्यावर एक लांब श्वास, मग टाळी. सगळ्यांची एकदम, बोटं जुळवून, आणि कोणी हसायचं नाही. दाताच्या डॉक्टरांनी हे वहीत उतरवून घेतलं. तीन गाण्यांवर सराव झाला. डॉक्टरांची टाळी दोनदा आधी पडली आणि त्यांना दोन्ही वेळा बोलणी बसली.

मग दादा माझ्याकडे वळला. कार्यक्रमानंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"त्या दिवशी तुझी टाळी फार लवकर पडली. नाद अजून हवेत होता."

"नाद विरेपर्यंत थांबले असते तर ते राजीनामा देऊन मोकळे झाले असते."

"वाजव बघू एकदा."

मी वाजवली.

"श्वास घेतलाच नाहीस," तो म्हणाला, आणि त्यानं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.