काठाला किती सोडता?

हर्नियाच्या ऑपरेशनात पोटात बसवतात त्या जाळीचा तुकडा शिंप्यानं चिमटीत धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि दोन्ही बाजूंनी ताणून पाहिला.

"ठिगळच की हे," तो म्हणाला. "आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार म्हणतात. इथं तर पोट फाटलंय."

"ठिगळ म्हणा हवं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जांघेपाशी पोटाची भिंत मुळातच कच्ची असते, वयानं आणखी विरते. मग जोर केला की आतडं तिथून डोकावतं. नुसते टाके घातले तर विरलेल्या कडा ओढून आणाव्या लागतात. ताण येतो आणि पुन्हा उसवायची भीती वाढते."

"आणि ठिगळाशेजारचं कापड फाटतं. चाळीस वर्षं तेच बघतोय. माझ्या एका गिऱ्हाइकाला ही जाळी बसवली, अजून लंगडतोय बिचारा."

"काहींचं दुखणं मागे राहतं, खोटं सांगणार नाही. आमच्यातही त्यावर वाद आहेत. पण उद्या आतडं त्या भोकात अडकलं, तर वाद घालायला वेळ राहणार नाही."

"मी हेच सांगतेय गेले सहा महिने," शेजारून बायको म्हणाली. "ऐकतील तर शपथ!"

शिंप्याचं डोकं तडकलं. पोट त्याचं, दुखणं त्याचं, आणि आल्यापासून तोंड मात्र हिचं चालू. नाव विचारलं, हिनं सांगितलं. वय विचारलं, हिनं सांगितलं, तेही एक वर्ष वाढवून. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण त्याला चहा हवा की नको हेही लोक हिलाच विचारत. उचलली जीभ लावली टाळ्याला!

"त्रास नेमका कधी होतो?" डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहून विचारलं.

त्यानं तोंड उघडलं.

"ह्यांना ना, खोकला आला की फुगतं," बायको म्हणाली. "आडवं झालं की आपोआप आत जातं. बोटानं दाबलं तरी जातं, पण हल्ली दाबताना कळ येते. आणि संध्याकाळी सिंकपाशी उभं राहिलं की भांडी संपेपर्यंत अशी ओढ लागते, बेंबीपाशी आतून कुणी दोरी खेचतंय जणू."

शिंप्याला तिची चूक बरोबर सापडली.

"अगं, माझं जांघेत आहे. आणि मी कधी गं भांडी घासली?"

जन्मात त्यानं कप विसळला नव्हता. तो हसत डॉक्टरीणबाईंकडे वळला, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्या त्याच्या बायकोच्या हाताकडे पाहत होत्या. तो हात बेंबीवर दाबलेला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"धाकटीच्या बाळंतपणापासून थोडं होतंच." बायकोनं हात काढून घेतला. "बायकांना असतं असं. म्हटलं, आधी ह्यांचं होऊ दे."

डॉक्टरीणबाई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. "खोका," त्या म्हणाल्या. बायको खोकली आणि हळूच कण्हली.

शिंपी जाळी हातात घेऊन बसून राहिला. गेल्या वर्षात तिनं दोनदा कपड्यांची कंबर सैल करून मागितली होती. टेप त्यानं स्वतः लावली होती. "जेवणावर हात आवर जरा," असं तो दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, आणि तीही सगळ्यांबरोबर हसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"यांचंही करावं लागेल. लवकर."

"जाळी?"

"भोक मोठं आहे. जाळीच."

त्यानं तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"काठाला किती सोडता?"

"म्हणजे?"

"भोकापेक्षा ठिगळ केवढं मोठं घेता, चारी बाजूंनी?"

"चार-पाच सेंटिमीटर."

"पाच घ्या. ही स्वस्थ बसणारी नाही."

पडद्याआडून आवाज आला, "अहो, आणि तुमचं काय ठरलं?"

सदतीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्याचं उत्तर त्याला विचारत होती. त्यानं जाळी टेबलावर ठेवली.

"आधी तुझं होऊ दे," तो म्हणाला. "मग मलाही लावू देत ठिगळ. तोवर भांडी कशी घासतात ते दाखव."