निळी भिंत

नकाशा टेबलावर पसरला आणि भाचीनं आधी घड्याळाकडे बघितलं.

एका जुन्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना करायचा होता, त्याचा हा नकाशा. ऑफिसचा नियम शेंबड्या पोरालाही कळावा इतका साधा होता: जाड रेघेची भिंत राहणार, पातळ रेघेची भिंत पाडायची. छापून येताना सगळ्या रेघा काळ्याच येतात, तेव्हा साइटवरचा माणूस फक्त जाडी बघतो आणि घण उचलतो. नकाशातली मधली लांब भिंत पातळ आली होती.

ती भिंत पाडायची नव्हती. वरचा अख्खा मजला त्याच भिंतीवर टेकलेला होता, आणि वर शिवणक्लास चालू होता. महिनाअखेरपर्यंत जागा सोडणार नाही म्हणून शिवणबाई अडून बसल्या होत्या. बारा मशिनं, बारा बाया.

या नकाशाची एक प्रत सकाळी नऊलाच साइटवर गेली होती. तोडकाम अकराला सुरू व्हायचं होतं आणि घड्याळात दहा पस्तीस झाले होते. भाचीनं फोरमनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मॅडमना, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंना लावला, तर त्या जागामालकाबरोबर बैठकीत होत्या आणि त्यांचा फोन बंद. पुन्हा फोरमन. पुन्हा नुसती रिंग.

अशी रेघ पातळ कशामुळे होऊ शकते, हे त्या ऑफिसात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती. दुसरा खिडकीजवळच्या टेबलावर पाठमोरा बसलेला मामा.

मामा तिच्या आईचा थोरला भाऊ. आईच्या मागे त्यानंच तिला वाढवलं, पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं आणि याच ऑफिसात चिकटवलं. ती त्याला मामा म्हणायची म्हणून हळूहळू मॅडमपासून सगळेच मामा म्हणायला लागले. तीस वर्षं त्यानं नकाशे काढले. आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. आणि दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धूसर डाग बसला, तो काही हटेना. कडेचं दिसायचं, रस्ता दिसायचा, माणूस दिसायचा. पण ज्याच्याकडे नेमकं बघावं तेच नाहीसं व्हायचं. लाल रंग तर पार विझला होता.

हे मामीलासुद्धा ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मामा-भाचीनं ती मूठ घट्ट आवळून धरली होती.

मूठ झाकायचं सगळं काम भाचीनं केलं होतं, आणि काय निगुतीनं केलं होतं! नकाशाच्या प्रोग्रॅमचा काळा पडदा तिनं मामाच्या मशिनवर साईच्या रंगाचा करून टाकला. त्यावर जुन्या लाल भिंती त्याला सावलीसारख्या का होईना दिसायला लागल्या. माऊसची फुली बोटभर जाड केली. बारीक अक्षरांचे मेनू काढून टाकले आणि त्याला रोज लागणारी आठ बटणं ठळक करून एका ओळीत मांडली. राहता राहिला रंग. ऑफिसात राहणारी भिंत लाल रंगात काढायची, की प्लॉटर, म्हणजे नकाशांचा मोठा प्रिंटर, ती जाड छापतो. पाडायची भिंत निळ्या रंगात काढायची, ती पातळ येते. मामाला नवी रेघ ओढताना फक्त गडद निळा दिसायचा. मग भाचीनं तोड काढली. त्यानं खुशाल निळ्यात काढावं आणि काम झालं की तिसरं बटण दाबावं. त्याचं नाव 'रंग परत'. त्यानं काढलेली प्रत्येक निळी रेघ लाल होऊन जायची; पाडायच्या भिंती भाची मागाहून स्वतः काढायची. दीड वर्ष एकही चूक झाली नाही. मॅडम तर म्हणायच्या, मामांचा हात अजून तस्साच आहे.

आणि काल दुपारी भाचीला शहाणपण सुचलं. बटणं अजून मोठी हवीत, म्हणून तिनं आठाची सहा केली. 'रंग परत' तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलं आणि तिसऱ्या जागी आलं नुसतं सेव्ह. तिनं मामाला सांगितलंही. तो फोनवर होता, "हो हो" म्हणाला. मग ती दातांच्या डॉक्टरकडे निघून गेली. संध्याकाळी मॅडमनी मधल्या भिंतीतलं दार सरकवायला सांगितलं. मामानं भिंत नव्यानं काढली आणि सवयीनं तिसरं बटण दाबलं. तो बटणांची नावं कधी वाचायचाच नाही. कशानं वाचणार? त्याचा हात जागा ओळखायचा, आणि जागा तिनं बदलली होती.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे तिला एका क्षणात कळलं. ती मामाच्या कानाशी वाकली.

"मामा, मधली भिंत निळीच गेलीय. साइटवर पातळ छापून गेलीय."

मामाचा हात माऊसवर होता तसाच राहिला. "तिसरं दाबलं होतं मी."

"काल मी जागा बदलली ना. सांगितलं होतं तुला."

तो उठला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट चाचपून घेतला आणि म्हणाला, "चल."

"तू थांब. मी पळत जाते, चार तर गल्ल्या आहेत."

"तुझं कोण ऐकणार चिमणे? तू कालची पोर. मी येतो."

बरोबरच होतं त्याचं, आणि तेच तर दुखणं होतं. एकटी गेली तर वेळेत पोचेल, पण फोरमन ऐकणार नाही. मामाला घेऊन गेली तर ऐकेल, पण पोचणार कधी? शेवटी तिनं त्याचं कोपर धरलं आणि दोघं निघाली. मामा उताराच्या फुटपाथवर जवळजवळ धावत होता. पायरी आली की ती "पायरी" म्हणायची, खांब आला की कोपर ओढायची. एका फळवाल्याची टोपली मामाच्या गुडघ्याला लागून कलंडली. फळवाला खेकसला, आणि थांबून माफी मागायलाही त्यांना सवड नव्हती. वाटेत तिनं फोरमनला पाच वेळा फोन लावला. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. काँक्रीट फोडायच्या मशिनचा आवाज.

"आधीच सुरू केलं वाटतं," मामा म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता.

दोघं दारातून आत शिरली तेव्हा धुळीत काही दिसत नव्हतं. मधल्या भिंतीचं छातीएवढ्या उंचीवरचं प्लॅस्टर पडलं होतं आणि मशिनचं टोक उघड्या विटांना भिडलं होतं.

"बंद करा!" मामा ओरडला. एवढ्या मोठ्यानं ओरडताना भाचीनं त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

मशिन थांबलं, आणि लगेच वरून दुसरा आवाज ऐकू आला. शिवणमशिनांचा. खालची धूळ वर पोचली नव्हती, बायांना कसलाच पत्ता नव्हता.

फोरमन मान पुसत पुढे आला. माणूस वाईट नव्हता, पण पोळलेला होता. "काय झालं मामा?"

"ही भिंत पाडायची नाही. वरचा मजला हिच्यावर आहे."

फोरमननं खिशातून घडी काढून उलगडली. "नकाशा तुमचा, शिक्का तुमचा. इथं पातळ रेघ आहे. सकाळी आलेला कागद खोटा आणि आता तोंडानं सांगता ते खरं, असं कसं हो? मागं एकदा असंच तोंडी ऐकून थांबलो, तर चार दिवसांचा खोळंबा माझ्या माथी आला. मशिन दुपारी परत द्यायचंय मला."

"नकाशा चुकलाय."

"मग मॅडमना सांगू द्या. दहा मिनिटं थांबतो. पुढं मी कागदाप्रमाणं काम करणार."

भाचीनं मॅडमना फोन लावला. बंद. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. दोन मिनिटं गेली, चार गेली. मशिनवाल्यानं टोक पुन्हा विटेला लावून ठेवलं. सहाव्या मिनिटाला मॅडमचाच फोन आला. तिनं स्पीकर लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. म्हणजे डोळे सोडून सगळं.

"भिंत कुणी काढली?" मॅडमचा आवाज कोरडा होता.

"मी, मॅडम. चूक माझी."

मामानं तिच्याकडे मान वळवली.

"ते मागाहून बघू," मॅडम म्हणाल्या. "मामा आहेत ना तिथे? मामा, त्याच नकाशावर त्या भिंतीवर खूण करा. 'ही भिंत राहणार' असं लिहा आणि सही करा. फोरमन, त्याचा फोटो मला पाठवा. मामांची सही म्हणजे माझी सही. मी लाइनवर आहे."

फोरमननं नकाशा एका पालथ्या पिंपावर अंथरला आणि जाड लाल मार्कर मामाच्या हातात दिला.

ऑफिसात असं काही वाचायची-लिहायची वेळ आली की त्यांची एक खूण ठरलेली होती. भाची मागे उभी राहून खांद्यावर बोट टेकवायची. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. ती मामाच्या मागे जाऊन उभी राहिली. एक बोट. मामाचा हात डावीकडे सरकला. पुन्हा एक. मार्करचं टोक कागदावर तरंगत गेलं आणि थांबलं.

"अहो मामा," फोरमन म्हणाला, "ती न्हाणीघराची भिंत. ती तर पाडायचीच आहे."

तिनं घाईघाईनं दोन बोटं टेकवली. हात उजवीकडे गेला तो फारच पुढे गेला, थेट जिन्यावर. फोरमन आता नकाशाकडे बघत नव्हता, मामाच्या चेहऱ्याकडे बघत होता. मशिनवालाही बघत होता. भाचीनं बोट पुन्हा उचललं. अजून एक बोट, फक्त एक, आणि टोक बरोबर बसेल, असं तिला वाटत होतं.

मामानं मार्कर खाली घेतला.

"चिमणे, असं नको. माझा हात धर आणि नेऊन ठेव."

"मामा, नको ना," ती पुटपुटली. तिला रडू येत होतं. "चौदाच महिने राहिलेत."

"वर माणसं बसलीत. मूठ झाकायची ती कुणाच्या जिवावर?"

"काय चाललंय?" फोनमधून मॅडम म्हणाल्या. "हात कशाला धरायचा?"

मामा फोनच्या दिशेला वळला. "दिसत नाही म्हणून, मॅडम. दीड वर्ष झालं. ही माझ्यासाठी रंग बदलून देते, म्हणून चाललं होतं. भिंत मीच काढली, पोरीनं नाही. बाकीचं ऑफिसात आल्यावर सांगतो."

"आधी खूण करा," फोनमधून मॅडम म्हणाल्या. फोरमन पुढे झाला आणि नकाशाच्या वळलेल्या कडांवर त्यानं दोन्ही तळवे दाबून धरले.

भाचीनं मामाचं मनगट धरलं. लहानपणी त्यानं तिचं धरलं होतं तसंच. तिनं टोक त्या पातळ रेघेवर नेऊन टेकवलं आणि हात सोडला. मामानं रेघेवरून सावकाश दुसरी रेघ ओढली, जाड. मग खाली त्याच्या उभट, कोरीव अक्षरांत लिहिलं: ही भिंत राहणार. सही केली.

"सरळ आलंय?" त्यानं विचारलं.

दीड वर्ष ती या प्रश्नाला एकच उत्तर देत आली होती. तिनं नकाशाकडे बघितलं.

"शेवटचा शब्द खाली घसरलाय, मामा."

"वाचता येतंय ना?"

"येतंय," उत्तर फोरमननं दिलं. त्यानं नकाशाचा फोटो काढला आणि मशिनवाल्याला भिंतीपासून लांब व्हायला सांगितलं.