माझी किर्र

मी एक जुनी पॉवर प्रेस आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका, मी वर्तमानपत्रं छापत नाही. माझ्या जबड्यात पत्रा ठेवायचा, पायडल दाबायचं. वरून पोलादी ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्यातून नटाखाली बसणारा गोल वायसर कापून निघतो. एवढंच मला येतं.

मला घडवलं तेव्हा माझ्या जबड्यापुढे लोखंडी जाळी होती, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. कारखान्यात आल्या आल्या मालकाने ती काढायला लावली. जाळीमुळे माल कमी निघतो म्हणे! पुढे एका बाईची दोन बोटं गेली. तिला पॅकिंगला बसवलं, मला फडक्याने पुसलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चालू केलं. लोक म्हणाले, मशीन खुनशी आहे. साफ खोटं! ती बोटं मालकाच्या घाईने खाल्ली. घाईला कुणी नावं ठेवत नाही, मशीनला ठेवतात.

मग कामगारांनी आपला बचाव आपणच शोधला. माझ्या पायडलच्या सळईचा सांधा कोरडा होता. पाय पडला की आधी तो ओरडायचा, किर्रर्र, आणि मग धप्प. किर्र ऐकली की हात बाहेर! त्या सांध्याला कुणीही तेल घालायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या फिटरने मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरामागच्या शेडमध्ये बसवलं. तो पत्रा चिमट्याने धरायचा, हात कधी आत घालायचा नाही. त्यामुळे किर्रची त्याला गरज उरली नाही. शिवाय माझ्या धप्प-धप्पने त्याचे कान गेले होते. घरात तो हे कबूल करत नसे. समोरच्याचे ओठ बघून उत्तरं द्यायचा. जे ऐकूच येत नाही ते माणूस विसरतो. तोही माझी किर्र विसरला.

त्याची लेक मात्र माझ्याच आवाजावर वाढली. पाळण्यापासून जे हाताशी येईल ते बडवायची, म्हणून घरात तिचं नाव ढोलकी. मोठी होऊन ती संगीत करू लागली, तेही कसलं? जिन्याच्या कठड्यावर पाना घासायची, धुलाई यंत्रात खिळे फिरवायची, कुकरची शिट्टी टेप करायची.

"वाद्यं संपली का गं जगातली?" आई विचारायची.

"वाद्यं सगळ्यांकडे आहेत, आई. आपल्या शेडचा आवाज कुणाकडे आहे?"

फिटरचे गुडघे गेले आणि मला भंगारात द्यायचं ठरलं. दुपारी टेम्पो येणार होता. ढोलकी सकाळीच माईक घेऊन हजर झाली. तिला माझी किर्र आणि धप्प हवी होती, अगदी जबड्याच्या आतून. आज नाही तर कधीच नाही.

पण ती यायच्या आधीच फिटर तेलाचा डबा घेऊन मला भिडला होता. सांधान् सांधा पुसला, तेल पाजलं, नट आवळले.

"अहो, एवढं कशाला? जायचीच आहे ना ती?" आईने दारातून हातवारे करत विचारलं.

"लेक आवाज घ्यायला येतेय. तिच्यासमोर कुरकुरत बसेल का? लोण्यासारखी चालली पाहिजे!"

मित्रांनो, मला एकच जीभ होती. प्रेमापोटी त्याने तीच बांधली.

ढोलकीने कानांवर हेडफोन चढवले. काडेपेटीएवढा माईक चिमटीत धरून तिने हात माझ्या जबड्यात घातला.

"बाबा, मी मान हलवली की पायडल. किर्र झाली की मी हात काढते."

फिटरला तिचे ओठ दिसले ते निम्मेच. मान हलवली की पायडल, एवढं त्याला कळलं. मोटर सुरू झाली. माझं जड चाक गरगरू लागलं. मी सगळं पाहत होते आणि मला बोलता येत नव्हतं.

पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात झाकण पुसत उभ्या असलेल्या आईच्या कानावर लेकीचं वाक्य पडलं. किर्र झाली की! तिला तेलाचा डबा आठवला.

"अहो थांबा! काढ गं हात!"

एकाला ऐकू येत नव्हतं, दुसरीच्या हेडफोनमध्ये मोटरच्या घरघरीत हाक बुडाली. बटण बंद करूनही उपयोग नव्हता, माझं चाक लगेच थांबत नाही. ढोलकीने मान हलवली. फिटरचा पाय पायडलवर गेला. आईने हातातलं पितळी झाकण माझ्या अंगावर भिरकावलं.

ठण्ण!

माईकमधून तो आवाज ढोलकीच्या कानात फुटला. ती दचकून मागे कोसळली आणि मी खाली आले. धप्प. माईकचा पापड झाला. हात वाचला.

फिटर खाली बसला. त्याने बायकोच्या ओठांकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "कधीपासूनच येत नाही."

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते."

माईक गेला, पण आवाज ढोलकीच्या रेकॉर्डरमध्ये उतरला होता. आईची पुसट हाक, ठण्ण, धप्प. ढोलकीने तो लावला. फिटरने स्पीकरवर तळवा टेकवला.

"झाकण माझं आहे, गाण्यावर नाव माझं टाक," आई डोळे पुसत म्हणाली.

टेम्पोवाला मला पाहून खूश झाला. "चालू आहे की! भंगारात कशाला, हिला गिऱ्हाईक मिळेल."

हे लेकीने पुन्हा ओठ हलवून सांगितलं तसा फिटर उठला. जुन्या फ्रिजमधली जाळी आणून त्याने माझ्या जबड्यापुढे ठोकली, टेम्पोवाल्याची बोंबाबोंब चालू असताना. मगच मला उचलू दिलं.

आता मी दुसऱ्या शेडमध्ये वायसर कापते. आज सकाळी इथला मालक जाळीकडे बघून म्हणाला, "हिच्यामुळे हात अडतो रे." आता त्याच्या हातात पाना आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर ओरडा. झाकण फेका, काहीही करा. मला आता किरकिरताही येत नाही.