चालणारे ठिपके

धुकं अजून दरीतच पेंगत होतं. ते वर चढायच्या आत सूर्य टिपायचा, हा वडिवूचा अकरा वर्षांचा नेम. डोंगरावरच्या वेधशाळेत ती निरीक्षक होती. दुर्बिणीतून पडद्यावर उतरलेला सूर्य न्याहाळायचा, आणि डाग नसलेल्या, शांत सूर्याच्या ध्रुवापाशी राईएवढे चमकते ठिपके दिसले की ते कागदावर मांडायचे.

"डाग दांडगे, त्यांना सगळं जग ओळखतं," ती म्हणायची. "ही माझी बारकी पोरं. ह्यांना कोण हाक मारणार?"

चेन्नईहून आलेला शास्त्रज्ञ इळंपरिदी आज ती पोरंच खोडायला बसला होता.

"अक्का, सूर्याच्या नोंदींची यादी दुपारी पाठवायचीय. तुमचे ठिपके गाळतोय मी. सगळ्या वर्षांचे."

"का रे तंबी?"

"दुर्बिणीतली ऊन गाळणारी काच जुनी आहे. तिच्यावरच्या मुलाम्याला बारीक भोकं पडली की असंच चमकतं. तुम्ही अकरा वर्षं भोकं मोजली असाल तर?"

वडिवूनं सुंठेची कॉफी त्याच्यापुढं सरकवली. "पी. तोवर पडद्यावरचे मोज."

"नऊ."

दुर्बीण सूर्यामागं फिरवणारी मोटर तिनं खटकन बंद केली. "आता काच जागची हलायची नाही. सूर्य मात्र कुणासाठी थांबत नाही. बघ, कोण कुणाचं आहे ते."

सूर्य पडद्यावरून हळूहळू सरकू लागला. आणि डोईवर घागरी घेऊन नदीवरून परतणाऱ्या बायांसारखे ठिपकेही त्याच्याबरोबर निघाले, एकमेकांतलं अंतर न मोडता. इळंपरिदी बोटानं मोजत राहिला. आठवर बोट थांबलं.

"एक इथंच राहिला, अक्का." त्याचा आवाज चढला. "म्हणजे भोक आहे."

"आहे की. आता मागची पानं काढ."

त्यानं काढली. त्या जागी काल ठिपका होता. परवा होता. मंगळवारी होता. सोमवारी नव्हता, त्याआधीही नव्हता. तो वर्ष-वर्ष मागं गेला, दुसऱ्या जागा धरून पाहिल्या. ठिपके रोज नव्या ठिकाणी. एकही जागा लागोपाठ तीन दिवस सापडेना.

"भोकं असती तर रोज तिथंच बसली असती," तो स्वतःशीच पुटपुटला.

"चार दिवस मात्र चकवलं मेल्यानं," वडिवू म्हणाली. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि मंगळवारपासूनच्या, आजच्यासकट चारही पानांवरचा तो ठिपका ठसठशीत खोडला. हात जरासुद्धा अडखळला नाही.

धुकं खिडकीशी आलं होतं. पडद्यावरचा सूर्य दुधात बुडाल्यासारखा फिका झाला. इळंपरिदीनं यादी पुन्हा उघडली, अकरा वर्षं परत जागेवर ठेवली.

"आजचे किती लिहू, अक्का?"

"आठ. आणि कॉफी गार केलीस, तेही लिही."