रतिलालचे तीन ठिपके

जैतूनबेनच्या खिडकीत ऊन कधीच येत नसे, आणि तिला ते नकोच होतं. जामनगरच्या त्या चिंचोळ्या गल्लीत ऊन पडायचं समोरच्या रतिलालच्या चुन्याच्या भिंतीवर, आणि तिथून मऊ होऊन तिच्या मांडीवरच्या कापडावर यायचं. त्याच उजेडात तिनं चाळीस वर्षं बांधणी बांधली. करंगळीच्या नखानं कापडाचा कण उचलायचा, दोऱ्याचे वेढे आवळायचे, की पुढचा ठिपका.

सध्या मांडीवर होतं रतिलालच्याच लेकीचं, जागृतीचं घरचोळं, नवरीनं लग्नात नेसायची चौकोनाचौकोनांची साडी. बावन्न चौकोनांतले एकोणतीस राहिलेले, महिन्यात रंगाऱ्याकडे जायला हवं. आणि नेमकी तेव्हाच रतिलालला दुर्बुद्धी सुचली. पितळेचा कारखाना बरा चाललेला, वरात दारात आली की व्याह्यांचे डोळे दिपावेत म्हणून पठ्ठ्यानं अख्खी भिंत काळ्या चकचकीत ग्रॅनाइटनं मढवली.

व्याह्यांचे राहिले बाजूला, दिपले जैतूनबेनचे. दुपारी त्या दगडावरून तिरीप थेट डोळ्यांत घुसायची. तिरीप सरकली की उरलेला दिवस विहिरीत बसल्यासारखा. दिवा लावावा तर स्वतःच्याच बोटांची सावली ठिपक्यावर. दोन दिवसांत अर्धा चौकोन झाला, तोही वाकडातिकडा. पोरीचं घरचोळं आपल्या हातून राहतंय की काय, म्हणून तिनं खिडकीतूनच रतिलालला हाक मारली.

"रती, तुझ्या भिंतीनं माझा उजेड गिळला रे."

"काहीतरीच, जैतूनबेन. चकाकतेय बघा कशी. उजेड उलट वाढलाय."

"चकाकणं वेगळं नि उजेड देणं वेगळं. पितळ घासण्यात जन्म गेला तुझा, एवढंही कळू नये?"

रतिलाल हसत निघून गेला. मग जैतूनबेननं जागृतीला हाताशी धरलं. दुसऱ्या सकाळी ग्रॅनाइटवर वरून खालपर्यंत पांढऱ्या चादरी लटकल्या.

"काय रतिभाई, ग्रॅनाइट धुऊन वाळत घातलंत?" गल्लीतला जो तो विचारू लागला.

रतिलाल तणतणत जिना चढून आला. जैतूनबेननं समोर जागृतीला हाक मारून चादर वर ओढायला लावली, त्याला खिडकीत बसवलं आणि हातात दोरा दिला.

"बांध. तुझ्याच लेकीचं आहे."

त्यानं घाम गाळून तीन ठिपके बांधले. डोळ्यांना पाणी सुटलं, पण कापडावरची खूण काही धड दिसेना. मग चादर पुन्हा खाली आली आणि सगळं कापड उजळलं. रतिलालनं खिडकीतून मान काढून आपल्या भिंतीकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं माझ्या भिंतीच्या उजेडावर बांधताय होय तुम्ही?" तो म्हणाला.

चौथ्या दिवशी गवंडी आले. वरचा ग्रॅनाइट निघाला, तिथं चुना लागला. खालचा व्याह्यांसाठी राहिला. घरचोळं वेळेवर रंगाऱ्याकडे गेलं.

लग्नाच्या दिवशी जागृतीला पदराशी तीन लठ्ठ, वेडेवाकडे ठिपके दिसले.

"मासी, हे कुणी बांधले?"

"तुझ्या बापानं. सोडून नीट बांधणार होते, पण हात धजला नाही."

सासरच्या गाडीत बसताना साऱ्यांना तिनं नमस्कार केला, तो एकाच हातानं. दुसऱ्या मुठीत पदराचा तेवढाच तुकडा घट्ट धरलेला होता.